‘खांड’मधला ण

अन्याय झाला तो राधाबाई मढवी यांच्यावर. कधी झाला, तेही नेमकं सांगते. त्यांच्या मुलाचं पहिलं नाटक छापायला गेलं त्या आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, छापखान्यातल्या एका टेबलावर. करणाऱ्याचं नाव जनार्दन मढवी. राधाबाईंचा मुलगा; ‘खांड’, ‘पाहुण्यांची खोली’, ‘मण’ आणि ‘उघाडी’ ही नाटकं लिहिणारा माणूस; ज्याच्या फोटोपुढं गेल्या महिन्यात हारांचा ढीग लागला तो. पाच आठवड्यांपूर्वी ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला आत्तापर्यंत दोघांनी समजावून सांगितलं आहे. पण हे आरोपपत्र त्यांचंच आहे, मी फक्त लिहून घेतलं. दादांनी (मी त्यांना दादाच म्हणायची) मला बजावून ठेवलं होतं, “माझ्यावर लिहिशील तेव्हा सुरुवात तिथनं कर. जन्म, शिक्षण वगैरे मागाहून.”

बातमी सांगायला ताराकाकींचाच फोन आला, म्हणजे दादांच्या बायकोचा. सकाळी साडेनऊ वाजले होते, मी एका सोसायटीच्या गेटवर पत्रकं वाटत उभी होते. “ये पोरी,” काकी म्हणाल्या, “पन सावकाश ये. आता घाई नाय.” उरलेली पत्रकं मी वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि रिक्षात बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याची लाजही वाटली नाही. दीड वर्ष त्यांचा एकेक श्वास मशीनकडून उसना आणावा लागत होता, तो ताण संपला, हे एक. पण दुसरं कारण मोठं होतं. त्याच्या चारच दिवस आधी, रविवारी दुपारी, आम्ही शेवटचं पान संपवलं होतं. ते राहून गेलं असतं तर मी आज हा लेख लिहूच शकले नसते. दारातच काकी भेटल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. म्हणाल्या, “सुटला गं. दोन्हीकडनं सुटला.” दोन्हीकडनं म्हणजे काय, ते मला कळलं. तुम्हाला कळावं म्हणून मागे जाते.

मी कोपरखैरण्याची. बाबा मार्केटात माथाडी, मूळ साताऱ्याकडचे. दादांचं गाव आमच्या सेक्टरला लागून, मध्ये फक्त एक नाला. तरी मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. तिकडं चारमजली चाळवजा इमारती, त्यात भाडेकरू, गल्लीत दोन बाइक समोरासमोर आल्या की भांडण... एवढीच माझी माहिती. गावच्या समाजमंदिराचं स्टेज पाडून तिथं पार्किंग करायचा घाट घातला गेला, तेव्हा आमच्या गटानं विरोधाचं पत्रक काढलं आणि मी सही घ्यायला दादांकडं गेले. एवढा मोठा नाटककार, तीन मिनिटांत सही देईल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पत्रक वाचायला घेतलं. टेबलाला दोऱ्यानं बांधलेली एक लाल-निळी पेन्सिल होती. तिच्या लाल टोकानं त्यांनी माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं खोडायला सुरुवात केली. चौदा होती. “संतापाला पूर्णविराम द्यावा,” ते म्हणाले. “उद्गारचिन्ह दिलं की वाचणारा मजा बघत बसतो.” मला राग आला. घरी जाऊन मी त्यांच्या पद्धतीनं पत्रक पुन्हा टाइप केलं, आणि स्टेज वाचलं. पत्रकामुळं वाचलं असं मी म्हणणार नाही, काकींनी गावातल्या बायका नेऊन तिथं तीन दिवस ठाण मांडलं होतं. पण तेव्हापासून मी दर रविवारी दादांकडं जायला लागले. ते मला नावानं हाक मारत नसत. “पत्रकवाली आली गं,” असं आत सांगत, आणि काकी चहात साखर जास्त घालत.

पेन्सिलला दोरी का, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं. दादांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर म्हणून काम केलं. गेटवर हजेरीचं रजिस्टर, वेळेत आलेल्याला निळी खूण, उशिरा आलेल्याला लाल. पेन्सिल कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ती टेबलाला बांधलेली असे. घरीसुद्धा ती बांधलेली नसली तर त्यांना वाक्य सुचत नसे. चारही नाटकं त्यांनी अशीच, दोरी पोचेल तेवढ्या अंतरात बसून लिहिली.

आता ‘खांड’बद्दल. मिठागराच्या आणि भातशेतीच्या बांधाला उधाणात भगदाड पडतं, त्याला खाडीकाठी खांड म्हणतात. दादा आठ वर्षांचे असताना त्यांच्या गावच्या बांधाला अशी खांड गेली. पुरुषमंडळी कडेला उभी राहून कुणाची जबाबदारी यावर बोलत होती. राधाबाई चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “पानी आत आलं. आता कोन जानार?” म्हणजे आता पळून कोण जाणार, की आता आत कोण जाणार... दादांना आयुष्यभर ते ठरवता आलं नाही. वीस वर्षांनी त्या एका वाक्याभोवती त्यांनी तीन अंकांचं नाटक रचलं. गावच्या जत्रेत, आपल्या बोलीत, आपल्याच माणसांना घेऊन. त्यात सगळेच मोठ्यानं बोलतात, एकमेकांची वाक्यं तोडतात. कुणी कुणाला समजावून सांगत नाही. जत्रेतल्या लोकांनी ते नाटक उभं राहून पाहिलं, कारण बसायला जागाच नव्हती.

तुम्ही शाळेत, स्पर्धेत, पुस्तकात जे ‘खांड’ वाचलंत ते हे नव्हे. तुम्ही वाचलंत त्यात राधाबाई म्हणतात, “पाणी आत आलं. आता कोण जाणार?”

मला हे कळलं तीन वर्षांपूर्वी. दादांचं कपाट आवरताना जुन्या हजेरीपत्रकांचा एक गठ्ठा सापडला, पाठकोऱ्या बाजूवर ‘खांड’ लिहिलेलं. मी पुस्तक शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. सगळे ‘न’ बदलून ‘ण’ केलेले. ‘हाय’चं ‘आहे’. ‘वायच’चं ‘क्षणभर’. माझं डोकं फिरलं. शहरातल्या प्रकाशकानं खाडीकाठच्या बाईच्या तोंडात आपली जीभ बसवली, असा माझा निष्कर्ष तयार होता. कुणाला काही न विचारता मी पत्रक छापून आणलं. मथळा होता ‘राधाबाईंची भाषा कुणी मारली’, आणि खाली उत्तर म्हणून प्रकाशकाचं नाव. उद्गारचिन्ह एकही नव्हतं, याचा मला अभिमान होता. रविवारी गठ्ठा दादांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेन्सिल ओढून घेतली आणि प्रकाशकाच्या नावावर लाल रेघ मारली.

“नाव चुकलंय,” ते म्हणाले. “माझं घाल.”

आतून काकींच्या पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला. दादांनी मग जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी, मधे दम लागत... प्रकाशक भला माणूस होता, त्याला बोलीतलंच नाटक हवं होतं, प्रुफं जशीच्या तशी आली होती. पण आदल्या रविवारी शहरातल्या एका घरी नाटकाचं वाचन झालं. वाचन संपल्यावर एका गृहस्थांनी चहा पिता पिता यजमानांना हळूच विचारलं, “लेखक शिकलेले आहेत ना?” हळूच विचारलं, पण दादांनी ऐकलं. बुधवारी त्यांनी कारखान्यातून अर्धी रजा काढली, छापखान्यात गेले आणि दोन तास बसून स्वतःच्या हातानं आईची जीभ बदलली. खिळे जुळवणारा कंपोझिटर म्हातारा होता. पाचच्या सुमारास तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. “साहेब,” म्हणाला, “ण संपले. सगळ्या छापखान्यातले ण तुमच्या नाटकात गेले.” शेजारच्या छापखान्यातून ण मागून आणले, तेही पुरले नाहीत. म्हणून पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात एक ‘पानी’ तसंच राहिलं. पुढच्या सगळ्या आवृत्त्या त्याच छपाईवरून निघाल्या. पुस्तक उघडून पाहा, ते आजही तिथं आहे. छपाईची चूक म्हणून तुमची नजर त्यावरून घसरली असेल.

पुस्तक आल्यावर दादांनी ते आईला वाचून दाखवलं. राधाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ही कोनाची आई हाय?” खोचून नव्हे, साधं कुतूहल म्हणून. “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” दादा म्हणाले. मी गठ्ठा परत पिशवीत भरला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, जे मी वाटलं नाही.

त्यानंतर मी त्यांची नाटकं पुन्हा वाचली, ओळीनं. समीक्षकांनी त्यांच्या कारकिर्दीचे टप्पे पाडले आहेत, ग्रामीण, नागर, उपरोधिक, चिंतनशील. त्या टप्प्यांत मला काही दिसत नाही. मला एकच माणूस दिसतो, जो एका अक्षरापासून पळाला आणि चाळीस वर्षं चालत परत आला.

‘पाहुण्यांची खोली’ हे पळून जाणं. फ्लॅट, दिवाणखाना, नवरा, बायको, बायकोचा भाऊ. एकही वाक्य अर्धवट राहत नाही, सगळे ण जागच्या जागी. पारितोषिकं याच नाटकाला मिळाली. नाटक वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू. दुसऱ्या अंकात नवरा घरभर आपली चप्पल शोधतो आणि शेवटी म्हणतो की मी अनवाणीच आलो होतो बहुतेक, ते वाक्य मी तीनदा वाचलं. पण गावातली माणसं टेम्पो करून प्रयोगाला आली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या राधाबाईंनी निकाल दिला, “बरा हाय. पन त्या घरान कोनी मोठ्यान बोलत कसा नाय?” ते ऐकल्यावर दादांनी सात वर्षं काही लिहिलं नाही. समीक्षक याला चिंतनाचा काळ म्हणतात. काकी म्हणतात, “चिंतन कसला, त्वांड लपवून बसला व्हता.”

ते मौन फोडलं एका फजितीनं. गावच्या मंडळानं ‘खांड’ स्पर्धेत उतरवायचं ठरवलं, छापील पुस्तकावरून. सगळी मंडळी आगरी बोलणारी. तीन महिने त्यांनी ण घोटला. उठता-बसता ण. प्रयोगाच्या दिवशी नायकाचं काम करणारा, एरवी मासळीबाजारात सगळ्यांना गप्प करणारा गडी, दिव्यांच्या उजेडात आला, घाबरला, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझं मण भरूण आलं.” प्रेक्षागृह फुटलं. पुढं प्रत्येक वाक्यात हेच, त्याला थांबताच येईना. दादा विंगेत उभे होते. त्यांना ऐकू आलं ते वेगळंच. मण! राधाबाई मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायच्या, ते मणानं मोजलं जायचं. मन म्हणायला गेला आणि मण वाहून आणला. घरी येऊन त्यांनी पेन्सिल टेबलाला बांधली.

‘मण’ तुम्ही पाहिलं असेल. नामदेव नावाच्या माणसाची जमीन शहरासाठी गेलेली आहे, दाखला मिळवायला तो खिडकीशी उभा राहतो, साहेबांसमोर शुद्ध बोलायच्या धास्तीनं आपलं नाव ‘णामदेव’ सांगतो, आणि कागदावर तसंच चढतं. मग सगळा जन्म त्या एका अक्षराशी कुस्ती. लोक पोट धरून हसतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत गप्प होतात. मी कॉलेजात असताना पाहिलं तेव्हा मीही हसले होते. आणि त्याच आठवड्यात, मला आठवतं, फोनवर बाबांना मी टोकलं होतं, “न्हाई काय बाबा, नाही म्हणा.” मागे कुणीतरी ऐकत होतं, म्हणून. बाबा म्हणाले, “नाही.”

शेवटचं ‘उघाडी’. खाडीच्या बांधात एक झडप बसवलेली असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायला ती आपोआप उघडते, भरतीला आपोआप मिटते. तिचं हे नाव. त्या झडपेशी दोन म्हाताऱ्या बसलेल्या आहेत, एवढंच नाटक. एक शहरात राहून आलेली, एक कधीच न गेलेली. शब्द फार थोडे, पण जे आहेत ते सगळे बोलीतले. भाषांतर नाही, तळटीप नाही. राधाबाईंना तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“म्हणजे आलात की परत,” मी म्हटलं होतं.

“मी आलो,” दादा म्हणाले. “आई अजून त्या पुस्तकात अडकलीय.”

म्हणून गेल्या वर्षी आम्ही बसलो. नाकात नळी, मांडीवर ‘खांड’, हातात ती पेन्सिल. ण वर लाल फुली, वर निळा न. टाइमकीपरच तो, प्रत्येक न लिहिला की पुटपुटायचे, “हजर.” दिवसाला दोन पानं, कधी अर्धं. त्यांना धाप लागली की मी लिहायची, आणि तिथं मी माती खाल्ली. एका रविवारी मी आवेशात वीस पानांतले झाडून सगळे ण उडवले. दादांनी पाहिलं आणि हसता हसता त्यांना उबळ आली. नाटकात एक तलाठी आहे, सरकारी भाषा बोलणारा. मी त्याचेही ण कापले होते. “अगं पत्रकवाली, त्याला त्याचा ण राहू दे. त्याचं तेवढंच भांडवल आहे. आपल्याला सगळ्यांना एका मापात बसवायचं असतं तर ते मी बुधवारी केलंच होतं की.” ती वीस पानं मी पुन्हा केली, रबरानं, मान खाली घालून.

वाद झाला की निवाडा काकी करायच्या, आतूनच. एका ठिकाणच्या ‘क्षणभर’वर तर केवढा घोळ. दादांना वाटे, तो शब्द आपल्या मूळ लिखाणात असावा. हजेरीपत्रकाचं ते पान उंदरांनी खाल्लं होतं. काकी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. “सासू क्षणभर कधी बसली नाय, तर बोलंल कशी? वायच लिव.” वायच लिहिलं. एकदा मी दादांना विचारलं, एका अक्षरानं एवढं काय होतं. त्यांनी मला म्हणून पाहायला सांगितलं. न म्हटलं की जीभ पुढं दातांकडं जाते. ण म्हटलं की ती वळते आणि मागे जाते. “आई पाण्यात उतरताना मागे गेली नव्हती,” ते म्हणाले.

त्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान राहिलं होतं. मुद्दाम मागे ठेवलेलं. पानी, कोन, जानार. तीन फुल्या, तीन न. पेन्सिल मला घेऊ दिली नाही. मग काकींना हाक मारून ते वाक्य वाचायला सांगितलं. काकी दारातूनच म्हणाल्या, पुस्तकात न बघता, सासूच्या आवाजात. दादांनी डोळे मिटले. “हजर,” म्हणाले. त्या दिवशी ते दोन वाट्या भात जेवले.

शोकसभेत एका वक्त्यांनी सांगितलं की जनार्दन मढवी खाडीकाठच्या अशुद्ध बोलीतून वर आले आणि शुद्ध मराठीचे उपासक झाले. मी उठायच्या बेतात होते. काकींनी माझं मनगट धरलं. “बस. त्यानला पुस्तक चुकीचा मिलालाय, त्यांचा काय दोष.” मी बसले. दुरुस्त केलेली प्रत आता नव्या आवृत्तीसाठी गेली आहे, प्रकाशकाच्या नातीनं स्वतः येऊन नेली. ती निघेल तेव्हा निघेल. मी आजकाल रविवारी जाते तेव्हा काकी त्या टेबलाशी वाटाणे सोलत बसलेल्या असतात. पेन्सिल तिथंच आहे, दोरीला. निळं टोक झिजून बोटभर राहिलं आहे. काकी ती काढू देत नाहीत.

पण जुनं ‘खांड’ हजारो घरांत पडून आहे आणि त्यात राधाबाई अजून दुसऱ्याच्या तोंडानं बोलतात. तुमच्याकडं असेल. तर आता हा पेपर खाली ठेवा, कपाट उघडा आणि पेन्सिल घ्या. तलाठ्याला सोडून द्या. दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान काढा, आईच्या वाक्यातले तीन ण खोडा, वर न लिहा, आणि ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणा, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं. मग पहिल्या अंकातला चौथा प्रवेश काढा. तिथलं ते एकुलतं ‘पानी’ पहिल्यापासून हजर आहे. त्याला हात लावू नका.